एक पडणं, पाच नोंदवह्या

सिंधुदुर्गाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात आरोग्य खात्याच्या आढाव्यासाठी एक तक्ता आला होता. त्यात एक रकाना होता: ‘डोक्याला दुखापत, वार्षिक रुग्णसंख्या’. काही प्राथमिक आरोग्य केंद्रांनी त्यात शून्य भरून पाठवलं. ज्या भागातून मुंबई-गोवा महामार्ग जातो, जिथे पावसाळ्यात जांभ्याची प्रत्येक पायरी शेवाळते आणि जिथे माणसं पोटासाठी माडावर चढतात, तिथे वर्षभरात एकाचंही डोकं फुटलं नाही हे कुणाला पटणार? शून्य लिहिणाऱ्यांनाही ते पटलं नव्हतं. पण नोंदवही चाळली, त्या नावाचं काही सापडलं नाही, म्हणून शून्य. कागदापुरतं ते बरोबरच होतं.

मग आकडा गोळा करायच्या आधी आम्ही एक उलटा उद्योग केला. जिच्या मेंदूला मार लागला होता याबद्दल तिळमात्र शंका नाही अशी एकच केस घ्यायची आणि ती घराच्या उंबऱ्यापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत कुठे कुठे लिहिली गेली, काय म्हणून लिहिली गेली, हे एकेक वही उघडून बघायचं. ही ती केस. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पडल्या त्या दिवशी

बाई सत्तरी ओलांडलेल्या. घर वाडीच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्त्यापासून पाखाडीने चढून जावं लागतं असं. पाखाडी म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. कोकणात कितीतरी वाड्या अजून अशाच वाटांनी जोडलेल्या आहेत. थोरला मुलगा विरारला, धाकटा गोव्यात हॉटेलात कामाला. घरी सून आणि शाळेत जाणारी दोन मुलं. काही वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज चालू. बाकी प्रकृती ठणठणीत. एक म्हैस, तिचं दूध काढून खालच्या तीन घरी घालणं हे काम त्यांनी सुनेला कधी करू दिलं नाही.

आषाढातली सकाळ. दोन दिवस धो धो पाऊस पडून तासाभराची उघडीप मिळाली, तेवढ्यात त्या कासंडी घेऊन निघाल्या. चौथ्या-पाचव्या पायरीवर पाय सटकला आणि कपाळ चिऱ्याच्या कडेवर आपटलं. उजव्या भुवईच्या वर खोक पडली. सुनेने हळद दाबली, पण गोळ्यांमुळे रक्त काही थांबेना. दुपारी रिक्षाने आरोग्य केंद्रात नेलं. तिथे तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, दुखण्याची गोळी. बेशुद्ध झाल्या होत्या का, असं विचारलं. सून म्हणाली नाही. उलटी झाली का? नाही. मग घरी जायला हरकत नव्हती, आणि म्हशीची धार काढायची वेळ झालेली होती.

बरंच नंतर, सगळं उरकल्यावर, आम्ही सुनेकडून तो प्रसंग पुन्हा नीट ऐकला. मी पोचले तेव्हा त्या बसलेल्याच होत्या, ती म्हणाली. बोलत होत्या. काय बोलत होत्या? “दूध सांडला काय गो, असा इचारीत होते. मी म्हटलंय, सांडला. परत तेच. दूध सांडला काय गो? तीन-चार खेपेस.” आजींना विचारलं, तर त्यांना पाय सटकल्याचं आठवतं आणि त्यानंतर एकदम रिक्षात बसल्याचं. मधलं सगळं, म्हणजे कुणी उचललं, हळद कुणी लावली, शेजारचे कोण आले, हे त्या सांगतात ते सुनेकडून ऐकलेलं. ऐकलेलं आणि आठवलेलं त्यांच्या बोलण्यात इतकं मिसळून गेलंय की मुद्दाम सोडवून विचारल्याशिवाय कळत नाही.

हा तपशील इथे फार मोलाचा आहे. २०१० पासून जगभर वापरात असलेली मेंदूच्या दुखापतीची व्याख्या बेशुद्धीवर अडलेली नाही. बाहेरून लागलेल्या जोराने मेंदूच्या कामात काहीही फरक पडला असेल, तर ती मेंदूची दुखापत. थोडा वेळ गोंधळणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, मधला काळ स्मरणातून पुसला जाणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे आजींना पहिल्याच दिवशी सौम्य मेंदूदुखापत झालेली होती. केंद्रात पोचेपर्यंत त्या पूर्ण भानावर होत्या, त्यामुळे ग्लासगो कोमा स्केल लावलं असतं तरी पंधरापैकी पंधरा आलं असतं. टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी १९७४ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी डोळे, बोलणं आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देते. १३ ते १५ म्हणजे सौम्य. ती त्या क्षणाची अवस्था सांगते. सकाळी पाखाडीवर काय झालं ते सांगणं तिचं काम नाही. ते फक्त सून सांगू शकली असती. तिला जे दोन प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरं तिने बरोबरच दिली होती.

गणपतीपर्यंत

टाके सुकले. श्रावणात डोकं दुखायला लागलं, सकाळी जास्त. आधी चष्म्यावर गेलं, मग पित्तावर. पुढे दूध घालायला निघालेल्या आजी एकदा भलत्याच घरी कासंडी ठेवून आल्या. गणपतीत विरारचा मुलगा सहकुटुंब आला, तेव्हा त्याच्या बायकोच्या पहिल्यांदा लक्षात आलं की आजी डावा पाय ओढतात आणि डाव्या हातातून वाटी निसटते. वर्षभराने बघणाऱ्याला दिसतं ते रोज बघणाऱ्याला दिसत नाही. घरात दोन मतं पडली. एक म्हणे वय झालं. दुसरं म्हणे देवळात कौल लावून बघू. दीड दिवसाचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी आजी दुपारपर्यंत उठल्याच नाहीत. हाक मारली की डोळे उघडायच्या, पुन्हा मिटायच्या.

१०८ ला फोन केला. रुग्णालयात नेलं. वय सत्तरच्या वर, हृदयविकाराचा इतिहास, डाव्या अंगात अशक्तपणा, गुंगी. बघणारा कुणीही जे म्हणेल तेच तिथे म्हटलं गेलं: पॅरालिसिसचा झटका. पुढे पाठवायचं ठरलं. दक्षिण सिंधुदुर्गातली माणसं अशा वेळी पिढ्यान्‌पिढ्या गोवा गाठतात, कारण कोल्हापूरला जायचं तर घाट चढावा लागतो आणि मुंबई तर रात्रभराची वाट. गोव्यात सीटी स्कॅन झाला आणि झटका नसल्याचं पाच मिनिटांत स्पष्ट झालं. मेंदूच्या उजव्या बाजूला, कवटीच्या आतल्या पडद्याखाली, जुनं रक्त साठलं होतं. क्रॉनिक सबड्युरल हिमाटोमा.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण कोकणातल्या घराघरांत याचा धोका बसलेला आहे. वय वाढतं तसा मेंदू किंचित आक्रसतो. मेंदूवरून कवटीच्या आतल्या पडद्याकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात. हलका धक्काही त्यातली एखादी फाडायला पुरतो. रक्त थेंबाथेंबाने येतं. तरुण माणसात एवढीशी गळती सहसा आपोआप थांबते. म्हातारपणी, त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, साठा धरतो. त्याभोवती पातळ पापुद्रा तयार होतो, त्याच्यातल्या नव्या नाजूक रक्तवाहिन्याही पाझरत राहतात आणि साठा वाढत जातो. मेंदू आक्रसलेला असल्यामुळे आत रिकामी जागा असते, म्हणून कित्येक आठवडे काहीच जाणवत नाही. जागा संपली की मग डोकेदुखी, विसराळूपणा, एका बाजूची दुर्बलता. पडण्याचा दिवस आणि त्रासाचा दिवस यांत तीन आठवड्यांपासून दोन-अडीच महिन्यांपर्यंत कितीही अंतर पडू शकतं. तोवर पडणं घरच्यांच्या डोक्यातून गेलेलं असतं.

इलाज त्या मानाने सोपा. कवटीला भोक पाडून साठा बाहेर काढतात. निघालेलं द्रव जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट होतं, असं मुलाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजींनी सुनेला नावाने हाक मारली आणि म्हशीची चौकशी केली.

आता वह्या

पहिली वही आशाताईची. आशा कार्यकर्तीच्या छापील तक्त्यांत गरोदर बाई, बाळ, लसीकरण, मधुमेह, रक्तदाब, ताप, क्षय अशी खाती असतात. म्हातारं माणूस पडलं त्यासाठी खातं नाही. तरी या ताईने त्या आठवड्याच्या पानाच्या समासात पेनाने लिहून ठेवलं होतं: अमुक घरची आजी पाखाडीवर पडली, कपाळाला टाके. पाचही वह्यांत दुखापतीचं कारण, पडण्याचं ठिकाण आणि शरीरावरची जागा बरोबर लिहिलेली ही एकमेव नोंद. ती कुठल्याच अहवालात जात नाही.

दुसरी, आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण नोंदवही. तिथे ‘सीएलडब्ल्यू, कपाळ’. ठेचून फाटलेल्या जखमेसाठी सगळ्या दवाखान्यांत हीच तीन अक्षरं वापरतात. महिनाअखेरीस ती जखमा आणि ड्रेसिंगच्या बेरजेत गेली. हाताला कोयता लागलेला, पायात काच गेलेला आणि कपाळ फुटलेली आजी, तिघंही एकाच बेरजेत. घरात पडल्यामुळे पोलिसांना कळवण्याची केस झाली नाही, त्यामुळे एमएलसी रजिस्टरातही नाव नाही. मोटारसायकलवरून पडणाऱ्याचं नाव तिथे हमखास असतं.

तिसरी नोंद रुग्णवाहिकेच्या फेरीची. आजारी वृद्ध स्त्री, अर्धवट शुद्धीत. अपघात नाही.

चौथी, संदर्भसेवेची, म्हणजे पुढे पाठवलेल्या रुग्णांची वही. ‘सीव्हीए?’, म्हणजे पक्षाघात, असं प्रश्नचिन्हासकट. अहवालात प्रश्नचिन्ह पोचत नाही, पक्षाघात पोचतो.

पाचवा गोव्यातल्या रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद. निदान अचूक, शस्त्रक्रिया अचूक, ‘पडल्याचा इतिहास आहे’ हेही लिहिलेलं. पण भरती करताना खिडकीशी उभा होता तो विरारचा मुलगा. त्याने आपला मोबाईल नंबर आणि आपला पत्ता दिला. म्हणजे उद्या कुणी त्या रुग्णालयाच्या नोंदी घेऊन कुठल्या जिल्ह्यातून किती डोक्याच्या दुखापती आल्या याचा नकाशा काढला, तर आजी पालघर जिल्ह्यात दिसतील.

पाच ठिकाणी नोंद झाली आणि सिंधुदुर्गाच्या डोक्याच्या दुखापतींत भर पडली शून्याची. एकाही वहीत खोटं काही लिहिलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. प्रत्येकाने आपल्या खिडकीतून दिसलं ते लिहिलं. दुर्दैवाने त्या वारल्या असत्या, तर मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे करायची असते, म्हणजे ती गोव्याच्या खात्यावर पडली असती.

मग खरा आकडा किती असावा?

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या कामातून भारतासाठी सर्रास वापरला जाणारा अंदाज असा: दर एक लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १५० जणांना मेंदूची दुखापत होते आणि सुमारे २० जण त्यात दगावतात. त्यातल्या साठ टक्के दुखापती रस्त्यावरच्या, वीस ते पंचवीस टक्के पडण्याच्या. जागतिक पातळीवर २०१६ सालासाठी काढलेला एक अंदाज लाखामागे ३६९ सांगतो. आणि न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन शहर आणि त्याला लागून असलेल्या वायकाटो या ग्रामीण जिल्ह्यात २०१० ते २०११ असं एक वर्ष जी मोजणी झाली, तिने लाखामागे ७९० हा आकडा दिला.

न्यूझीलंडची डोकी भारतीय डोक्यांपेक्षा पाचपट कमकुवत नाहीत. त्यांनी शोधलं वेगळ्या रीतीने. १,७३,२०५ वस्तीत त्यांना १,३६९ दुखापती सापडल्या, कारण ते रुग्णालयाच्या दारात थांबले नाहीत. फॅमिली डॉक्टर, रुग्णवाहिका, अपघात भरपाईचे कागद, अशा एकमेकांवर चढणाऱ्या अनेक याद्या त्यांनी जुळवल्या. सापडलेल्यांपैकी ९५ टक्के दुखापती सौम्य होत्या. आजींची पहिल्या दिवशी होती तशा. आणखी एक गोष्ट आपल्या कामाची: मध्यम आणि गंभीर दुखापतींचं प्रमाण ग्रामीण भागात लाखामागे ७३ होतं, शहरात ३१. खेड्यात डोकी सुरक्षित असतात, हा समज तिथे तरी टिकला नाही.

आता हेच आकडे तीस हजार वस्तीच्या एका आरोग्य केंद्राला लावून बघा. निम्हान्सच्या दराने वर्षाला ४५ दुखापती, जागतिक दराने ११०-१११, न्यूझीलंडच्या दराने २३७. म्हणजे एक तर आठवड्याला जेमतेम एक, नाही तर आठवड्याला चार-पाच. आमच्या केंद्राचं खरं उत्तर यांतलं कुठलं हे या भागाकाराने ठरत नाही, परक्या ठिकाणचा दर उसना आणून इथे चिकटवणं योग्यही नाही. पण शून्य या उत्तराची शक्यता किती, ते मात्र ठरतं.

वॉर्डातून दिसणारं कोकण

मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी वॉर्डात उभं राहून विचारलं, तर कोकणातली डोक्याची दुखापत म्हणजे पंचवीस वर्षांचा मुलगा, मोटारसायकल, हेल्मेट नाही, रात्रीची वेळ, कधी समोर बसलेली गुरं. हे चित्र खरंच आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले ५०,०२९, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. मागे बसणाऱ्याचा हा आकडा वाचताना मला शिरोड्याच्या, मालवणच्या रस्त्यावरचं रोजचं दृश्य दिसतं: एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, मांडीवर पिशवी, हातात उघडी छत्री आणि पुढे स्पीडब्रेकर. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम तिलाही हेल्मेट सांगतं. पोलीसही तिला अडवत नाहीत.

पण वॉर्डात पोचतो तो गंभीर जखमी, आणि त्यातही रस्त्यावर पडलेला, कारण त्याच्यासाठी कुणी तरी १०८ ला फोन करतं. पाखाडीवर पडलेली बाई घरी चालत जाते. मोजणी वॉर्डातून केली की सगळी योजना महामार्गाभोवती फिरते. २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. चांगलीच आहे. मोटार वाहनाचा संबंध असेल तरच ती लागू होते. चिऱ्यावर आपटलेल्या कपाळाला ती लागू नाही. जे मोजलं जातं त्याच्या मागे पैसा जातो.

तालुक्यातल्या आशाताईंना एकत्र बसवून ‘डोकं कशाकशाने फुटतं’ एवढंच विचारलं, तर मोटारसायकल यादीत होतीच, पण पहिली नव्हती. पाखाडी, विहिरीचा काठ, न्हाणीघर. पावसाआधी कौलं परतायला चढलेला माणूस. बोटीवर विंचचा हूक लागलेला खलाशी. आंबा काढताना फांदी मोडून पडलेला गडी, हंगामात नेपाळहून येतात त्यांतला. दारू पिऊन गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून पडलेला, याचं नाव सगळ्यांनी हसत घेतलं आणि मग प्रत्येकीने एकेक खरा माणूस सांगितला. आणि माड.

माडाबद्दल थोडं सविस्तर. नारळ डोक्यात पडून काय होतं यावर पीटर बार्स या डॉक्टरने १९८४ मध्ये एक लेख लिहिला. पापुआ न्यू गिनीतल्या अलोटाऊच्या प्रांतिक रुग्णालयात चार वर्षांत दुखापतीमुळे भरती झालेल्यांपैकी २.५ टक्के रुग्णांना पडता नारळ लागला होता. माड २४ ते ३५ मीटर उंच, असोला नारळ एक ते चार किलोचा. लेखाला २००१ साली विनोदी संशोधनाचा इग नोबेल मिळाला. कोकणातल्या माणसाला यात हसण्यासारखं काय ते कळणार नाही. आपण वाडीत खाट टाकताना आधी वर बघतो. याच लेखाच्या नावावर पुढे ‘जगात दरवर्षी दीडशे माणसं नारळ पडून मरतात’ असा आकडा फिरायला लागला. लेखात तो नाहीच. त्यात आहे ते एका रुग्णालयातल्या भरतीचं प्रमाण, आणि दोघं रुग्णालयात पोचण्याआधी गावातच दगावल्याची नोंद. भरतीच्या टक्केवारीवरून वस्तीतलं प्रमाण निघत नाही. गावातच गेलेले ते दोघे रुग्णालयाच्या टक्केवारीत नाहीतच.

आमच्याकडे पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, माडावरून पडला तर नोंद होते ‘उंचावरून पडणे’ अशी. कण्याची मोडतोड मोठी असल्याने डोक्याचं कुणी बघत नाही. नारळ लागलेला ‘जखम’ या बेरजेत जातो.

भागायचं कशाने?

प्रमाण काढायला वर रुग्णांचा आकडा लागतो तसा खाली लोकसंख्येचाही लागतो. कोकणात खालचा आकडाही तितकाच निसरडा. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. रत्नागिरीचीही घटली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आजही भागायला २०११ चाच आकडा घ्यावा लागतो. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. कमावते पुरुष मुंबईत आणि गोव्यात, मागे बायका, मुलं, म्हातारी माणसं. मोटारसायकलवरून पडणाऱ्या वयाचे लोक कमी आणि पाखाडीवरून पडणाऱ्या वयाचे जास्त, अशी ही वस्ती. बंगळुरूचं साठ-पंचवीसचं वाटप इथे जसंच्या तसं बसेल असं मानायला काहीच आधार नाही. माझा कौल पडण्याच्या बाजूने आहे.

त्यात गणपती, शिमगा आणि मे महिना. वाड्या भरतात. भावाची मोटारसायकल घेऊन रात्री नाक्यावर गेलेला चाकरमानी पडला तर तो वरच्या आकड्यात येतो, खालच्या आकड्यात मात्र तो कल्याण-डोंबिवलीचा. आजींच्या बाबतीत नेमकं उलटं झालं: त्या खालच्या आकड्यात इथे आहेत, वरच्या आकड्यात विरारला.

केंद्रात काय बदललं

नवीन रजिस्टर सुरू करायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. रजिस्टरांखाली परिचारिका आधीच दबलेल्या आहेत. बाह्यरुग्ण वहीतच, भुवईच्या वर जखम किंवा टेंगूळ असलेल्या प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहायच्या ठरल्या: कशाने लागलं, मधलं काही आठवत नाही का, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. दुसरा प्रश्न रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला वेगवेगळा विचारायचा. ‘बेशुद्ध झालात का’ हा प्रश्न काढलेला नाही, पण त्याच्यावर विसंबायचं सोडलं आहे. बेशुद्ध झालेल्या माणसाला आपण बेशुद्ध होतो हे ठाऊक असण्याचं कारण नाही.

पासष्टच्या पुढचं माणूस, गोंधळल्याचा इतिहास किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सीटी स्कॅनसाठी पाठवायचं. डोक्याला मार लागल्यावर सीटी कुणाचा काढायचा यासाठी कॅनडात २००१ मध्ये तयार झालेल्या नियमातही पासष्टची रेषा आहेच. यावर एका सहकाऱ्याने रास्त शंका काढली: आजींचा सीटी पहिल्या दिवशी काढला असता तर काही दिसलं असतं का? कदाचित नसतं. क्रॉनिक सबड्युरल बरेचदा पहिल्या दिवसाच्या स्कॅनमध्ये नसतोच. म्हणून सीटी स्वच्छ आला तरी आशाताईने दोन आणि सहा आठवड्यांनी त्या घरी डोकवायचं: डोकं दुखतं का, चालणं बदललं का, वागणं बदललं का. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही तेव्हाच सांगायचं. स्टेंटवाल्या माणसाने त्या परस्पर थांबवल्या तर वेगळंच संकट ओढवतं. ताईंनी या फेरीचं मानधन विचारलं. ते अजून ठरलेलं नाही आणि त्याशिवाय ही फेरी फार दिवस चालेल असं मला वाटत नाही.

पत्त्याचं त्यातल्या त्यात सोपं गेलं. संदर्भचिठ्ठीवर रुग्ण राहतो ते गाव आणि केंद्राचं नाव ठळक अक्षरांत लिहायचं, म्हणजे पुढच्या खिडकीवर मुलगा उभा असला तरी कागदावर गाव राहील. पाहुण्यांवरून मात्र बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की गेल्या सहा महिन्यांहून जास्त काळ गावात राहिलेला तो इथला, बाकीच्यांसाठी त्याच वहीत वेगळी खूण, आणि वार्षिक तक्त्यात दोन्ही बेरजा शेजारी-शेजारी. तक्त्यात मात्र रकाना एकच आहे. त्यात कुठली बेरीज लिहायची हे विचारणारं पत्र तालुक्यातून जिल्ह्याला गेलं आहे. तोपर्यंत दोन्ही आकडे तिरकी रेघ मारून एकाच चौकटीत लिहायचे असं केंद्रांना कळवलं आहे.